बाळास दूध बाधते तेव्हा

खानापूर तालुक्यातील आमच्या धर्मग्रामात बाळंतिणीला भेटावयास कोणी रिकाम्या हाताने जात नाही. बेळगावचा कुंदा, डिंकाचे लाडू, घरचे तूप, आणि शेजारी दुभते असले तर सकाळसंध्याकाळ तांब्याभर म्हशीचे दूध. आईच्या पोटात दूध गेले की ते बाळाला लाभते, अशी आमच्या वडीलधाऱ्यांची समजूत आहे व बहुतेक घरी ती खरीही ठरते. ज्या घरी ती खरी ठरली नाही, त्या घराविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. बाळाच्या आईवडिलांची अनुमती आम्ही घेतली आहे. नावे मात्र देत नाही.

मुलगी दोन महिन्यांची होती. स्नानसंस्कार होऊन आठ दिवसही लोटले नव्हते, तोच तिच्या शौचात आव दिसू लागली आणि मग रक्ताची बारीक रेघ. गालांवर इसब उठले होते. ताप नव्हता, बाळ अंगावर पीतही होते. पण पिता पिता मध्येच ताठ होऊन रडे. घरात कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले सुनेने काहीतरी भलतेच खाल्ले. शेवटी सर्वांचे एकमत झाले ते असे, की आईचे दूधच नासके आहे. सून ते सारे ऐकत असे आणि पदराआड रडत असे.

त्या घरी आम्ही गेलो तेव्हा आजीबाईंनी आम्हांस विचारले, "फादर, वरचं दूध सुरू करू काय? शेळीचं हलकं असतं म्हणतात. गांधीजी तेच घेत होते." आम्ही मान डोलावली. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो, बालरोगशास्त्र नव्हे, याचा त्या क्षणी आम्हांस विसर पडला. फादर हो म्हणाले, एवढे त्या घराला पुरेसे झाले. सुनेने अंगावर पाजणे थांबविले. चौथ्या दिवशी रक्त वाढले, बाळ मलूल झाले, आणि त्याला घेऊन मंडळी बेळगावास बालरोगतज्ज्ञाकडे धावली.

डॉक्टरांनी प्रथम सुनेला सांगितले ते वाक्य तिने आम्हांस नंतर तीनदा सांगितले: "बाई, तुमचे दूध नासलेले नाही. आईचे दूध नासत नसते." मग त्यांनी कारण उलगडले. गायीम्हशीच्या दुधात केसीन व इतर काही प्रथिने असतात. आई दूध प्याली की त्यांचा अगदी अल्प अंश तिच्या दुधात उतरतो. बहुतेक बाळांना त्याचे काहीच होत नाही. एखाद्या बाळाचे शरीर मात्र त्या प्रथिनाला शत्रू समजून त्याच्याशी झगडू लागते, आतड्याचे अस्तर सुजते आणि रक्त झिरपते. दोष आईच्या दुधात नसतो. आईच्या दुधातून आलेल्या परक्या दुधाच्या कणाशी बाळाचे भांडण असते.

याला आज ॲलर्जी म्हणतात. हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडविला. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी हे गृहस्थ इन्सब्रुक येथे ईशज्ञान आणि लुव्हाँ येथे तत्त्वज्ञान शिकत होते, हे वाचून आम्हांस थोडी गंमत वाटली. आमच्याच वाटेने निघालेला एक विद्यार्थी तान्ह्या बाळांच्या उपयोगी पडला, आणि आम्ही त्याच वाटेने शेवटपर्यंत जाऊन शेळीचे दूध सुचविले!

शेळीच्या दुधाविषयी स्पष्टच लिहिले पाहिजे. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातील प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात, की ज्या बाळाला गायीचे दूध बाधते त्याला शेळीचेही बहुधा बाधतेच. उकळून किंवा पाणी घालून ते निर्धोक होत नाही. डब्यातील नेहमीची भुकटीही गायीच्याच दुधाची असते. दुग्धशर्करा काढलेले दूध येथे निरुपयोगी आहे, कारण तंटा साखरेशी नसून प्रथिनाशी आहे. भाताची पेज किंवा नारळाचे दूध सहा महिन्यांच्या आतील बाळाला दुधाऐवजी देणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणेच होय. अशा बाळाला उत्तम अन्न आईचेच. फक्त आईने आपल्या ताटातील दूध काढावयाचे.

हे बोलावयास सोपे, पाळावयास कठीण. सुनेने दूध सोडले, दही सोडले, कुंद्याकडे पाहिलेही नाही. तरी दहा दिवसांनी रेघ होतीच. डॉक्टरांनी दिवसभराचे खाणे विचारले तेव्हा उलगडा झाला. सकाळचा आणि चार वाजताचा चहा चालूच होता, शुक्रवारी ताकाची कढी होती, आणि चहाबरोबर दुधाची भुकटी घातलेली बिस्किटे. "चहा म्हणजे काय दूध आहे?" असे आजीबाईंनी विचारले, आणि आमच्या गावात शंभर घरी हेच विचारले जाईल. पनीर, खवा, लोणी, तूप, बेकरीचे गोड पाव, केक हे सारे त्यात आले. तुपातही प्रथिनाचा अंश राहू शकतो. चहा कोरा झाला, आणि पुढील दोन आठवड्यांत शौच स्वच्छ झाले. पाजणे तुटल्यामुळे आटत चाललेले दूधही बाळाला वारंवार अंगावर घेतल्याने हळूहळू परत आले.

याच्या पुढची पायरी अनेकजण गाळतात. डॉक्टरांनी तिला पुन्हा दूध प्यावयास सांगितले. ती तयार होईना. एवढ्या रडारडीनंतर बाळाला मुद्दाम त्रास का द्यावा, असे तिला वाटले, आणि आम्हांसही तसेच वाटले. परंतु या वेळी आम्ही तोंड मिटून बसलो. डॉक्टरांचे म्हणणे असे, की रक्त आपोआपही थांबते. खरी खूण पटल्यावाचून आईला महिनोन्महिने पथ्यावर ठेवणे अन्याय आहे. ती दूध प्याली. दोन दिवसांत रेघ पुन्हा आली. तेव्हा निदान पक्के झाले आणि पथ्य पुढे चालले.

पथ्य चालविणाऱ्या आईची हाडे झिजू नयेत म्हणून डॉक्टर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देतात. आमच्या स्वयंपाकघरातही त्याला आधार आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. भाकरी करावी, किंवा ताक न घालता आंबील करावे. तीळ, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी हेही चांगले. हळिवाची खीर नारळाच्या दुधात शिजवावी. नाताळात दोदोल तूप न लावता केला तर तो तिच्या ताटात निर्धास्त वाढावा. जिला अंगावर पाजणे शक्यच नाही तिच्या बाळासाठी प्रथिने बारीक तोडलेले खास दूध मिळते. ते महाग असते आणि डॉक्टरांच्या सांगण्यावाचून घेऊ नये. खर्च झेपत नसेल तर संकोच न करता आमच्याकडे यावे.

सहा महिन्यांनंतर बाळाला मऊ भात, वरण, नाचणीचे सत्त्व, केळे, अंडे हे सारे इतर बाळांप्रमाणेच द्यावे. भीतीपोटी सगळेच बंद करणाऱ्या आयांची बाळे सुकतात.

दोन गोष्टींची ताकीद आम्ही डॉक्टरांच्याच शब्दांवर विसंबून देतो. काही बाळांना वरचे दूध तोंडी लागताच काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ व डोळे सुजतात, श्वास घरघरतो किंवा बाळ गळून जाते. हा प्रकार निराळा व धोक्याचा आहे. तेथे आमची प्रार्थनाही वाहनात बसल्यावर सुरू करावी, आधी रुग्णालय गाठावे. आणि अशा बाळाला घरी पुन्हा दूध चाखवून पाहू नये. दुसरी ताकीद उलट्या बाजूची. प्रत्येक रडणाऱ्या, गुळणी टाकणाऱ्या बाळाला हा विकार नसतो; शंभरांतील दोनतीन बाळांनाही तो क्वचितच असतो, आणि केवळ अंगावर पिणाऱ्यांत तर त्याहून कमी. हा लेख वाचून कोणी स्वतःच्या मनाने दूध सोडले तर आम्ही शेळीच्या दुधासारखीच दुसरी चूक केली असे होईल.

सासूबाईंना एक विनंती. जानेवारी २०१४ मध्ये सिस्टाईन चॅपेलात स्नानसंस्काराच्या वेळी पोप फ्रान्सिस यांनी मातांना सांगितले होते, की बाळे भुकेने रडत असतील तर तेथेच त्यांना पाजावे. जगातल्या त्या पवित्र स्थळी ज्या दुधाला मान मिळाला, त्याला आपल्या माजघरात नासके म्हणू नये.

अशी बहुतेक मुले वर्षा-दोन वर्षांत, काही जरा उशिरा, दूध पचवू लागतात. ही मुलगी वर्षाची झाली तेव्हा डॉक्टरांनी आधी भाजलेल्या बिस्किटातील दूध, मग दही, मग साधे दूध असे पायरीपायरीने देऊन पाहिले. काही झाले नाही. गेल्या नाताळात आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा आजीबाईंनी बशी पुढे केली. तिच्यातला अर्धा कुंदा नातीने आधीच संपविला होता.