'रन' म्हणजे नुसतं धावणं नव्हे!

मैत्रिणींनो, आमच्या शेजारच्या वहिनी मध्यंतरी धाकट्याला घेऊन सांगलीला डॉक्टरांना दाखवायला गेल्या होत्या. मुलगा सात वर्षांचा. थंडी सुरू झाली की रात्रभर त्याची छाती घरघरते. सोबत कॉलेजात जाणारा भाचा होता. डॉक्टर तरुण, परप्रांतातले, मराठी जेमतेम. मुलाला तपासता तपासता त्यांनी विचारलं, "डझ इट रन इन द फॅमिली?"

वहिनींना 'रन' कळलं, 'फॅमिली' कळलं. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "नो नो, ओन्ली ही रन्स!" पोरगं शाळेत धावण्यात पहिलं येतं ना! डॉक्टर हसले, भाचा तर पोट धरून हसला, आणि त्या साताऱ्याला घरी पोचायच्या आत हा किस्सा फोनवरून सगळ्या नातेवाइकांत पोचला होता. वहिनीही वरवर हसल्या. पण संध्याकाळी वाटी परत द्यायच्या निमित्तानं आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, त्यांनी नेमकं काय विचारलं हो?"

मी सांगितलं, "हे दुखणं तुमच्या घराण्यात चालत आलंय का, असं विचारलं."

त्यांचा चेहराच उतरला. "अगंबाई! माझ्या आईला दमा होता की! अख्खा हिवाळा ती उशीला टेकून बसून काढायची. आणि मी 'नो नो' म्हणून बसले!"

दमा घराण्यात असू शकतो आणि निदान करताना डॉक्टरांना त्या माहितीचा उपयोग होतो. म्हणजे हसण्यावारी गेलेली गोष्ट तशी साधी नव्हती. पुढच्या खेपेला वहिनींनी सरळ मराठीत, सावकाश, सगळं सांगितलं आणि कागदावर लिहून घ्यायला लावलं. मला विचाराल तर चूक त्यांची एकटीची नाही. सांगलीत दवाखाना थाटायचा तर 'घरात कुणाला दमा आहे का' एवढं मराठी डॉक्टरांनाही यायला काय हरकत आहे? आणि आम्ही शिक्षकही कमी नाही. 'रन म्हणजे धावणे' असं एकदा घोकून घेतलं की आमचं काम संपलं!

खरं तर ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या संपादकांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले आहेत. हे काम करणाऱ्या पीटर गिलिव्हर यांना त्यासाठी नऊ महिन्यांहून जास्त काळ लागला. घाबरू नका, आपल्याला त्यातले आठ-दहा पुरतात.

पहिला अर्थ आपल्या ओळखीचाच. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, ते 'रन'. पण माणूस किंवा जनावर सोडून दुसरंच काही 'रन' होत असेल, तर जरा थांबायचं आणि कोण 'रन' होतंय ते बघायचं. महाबळेश्वरला उगम पावून कृष्णा माहुलीवरून, कराडवरून सांगलीला येते. इंग्रजीत ती 'रन' होते, मराठीत वाहते. नळ, नाक यांचंही तेच. 'युवर नोज इज रनिंग' म्हणजे नाक पळत नाही, गळतंय!

आता गंमत पाहा. घड्याळ, शिवणयंत्र, दुकान, सिनेमा ही मंडळी इंग्रजीत धावतात, आणि आपल्याकडे मात्र नुसती चालतात! यंत्र चालतं, हळदीची पेढी चालते, सिनेमा पंचवीस आठवडे चालतो, आणि घराण्यातलं दुखणंही चालतच येतं. म्हणून निर्जीव वस्तू 'रन' होताना दिसली की आधी 'चालणे' लावून बघा, बहुतेक वेळा अर्थ चपखल बसतो. आणि माणूस काही 'रन' करत असेल तर 'चालवणे'. माझ्या आठवीच्या वर्गात एका मुलानं 'माय मदर रन्स अ मेस'चं भाषांतर 'माझी आई मेस पळवते' असं केलं होतं. वर्ग हसला, पण त्या माउलीची पहाटे चारपासूनची धावपळ मला ठाऊक होती. मी अर्धा मार्क दिला.

कपड्यांच्या चिठ्ठीवर 'कलर्स मे रन' असेल तर तो कपडा वेगळा, गार पाण्यात धुवा, रंग जायचा संभव आहे. ही चिठ्ठी न वाचल्यामुळे आमच्या ह्यांचे दोन पांढरे सदरे गुलाबी झाले, आणि ते अजून ऐकवतात.

राहिले 'रन'च्या मागे लागणारे छोटे शब्द. क्रिकेटमुळे 'रन आउट' पोरांनाही येतं, पण 'वुई हॅव रन आउट ऑफ शुगर' म्हणजे साखर संपली. बाजारात अवचित कुणी भेटलं तर 'रन इन्टू'. 'आय फील रन डाउन' म्हणजे अंगात त्राण नाही, अगदी गळून गेल्यासारखं वाटतंय. हे वाक्य आपल्याला रोज लागेल, नाही का?

आणि एक वाक्य मात्र पाठच करून ठेवा: 'प्लीज से इट इन सिंपल वर्ड्स'. दवाखान्यात, बँकेत, शाळेच्या सभेत, कळलं नाही की बेलाशक म्हणा. नाही तर सरळ मराठीत सांगायला लावा. अर्धवट कळून मान हलवू नका. वहिनींनी हे वाक्य कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय, दुधाच्या हिशेबाशेजारी.

या आठवड्याचा अभ्यास: 'द बस रन्स एव्हरी अवर', 'डोन्ट लीव्ह द टॅप रनिंग' आणि 'शी रन्स द हाउस' यांचा मराठीत अर्थ लिहा. तिसरं वाक्य घरातल्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला विसरू नका. पुढच्या अंकात 'टेक' घेऊ.