आधी छप्पर, मग यंत्र!

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. मी कॉलेजला निघाले होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कचरा वेचणाऱ्या मावशी नेहमीप्रमाणे फूटपाथवर माल निवडत बसल्या होत्या. पुठ्ठा एकीकडे, बाटल्या दुसरीकडे, पत्रा तिसरीकडे. एवढ्यात जोराची सर आली. मी छत्री धरली. पण ती कशाकशावर पुरणार? मावशी म्हणाल्या, "राहू दे ग पोरी. पुठ्ठा भिजला. आता भंगारवाला निम्मा भावसुद्धा द्यायचा नाही."

जुन्या पुठ्ठ्यापासून नवा कागद होतो, हे आपण पुस्तकात वाचतो. परंतु तो पुठ्ठा निवडून कारखान्याच्या वाटेला लावते कोण? पुण्याला तरी हे ठाऊक असायला हवे. १९९३ साली येथील कचरावेचकांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभारली. २००८ साली त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले.

सरकार पैसा देत नाही, असे मी म्हणणार नाही. २०२१ साली स्वच्छ भारत अभियानाचा शहरांसाठीचा दुसरा टप्पा सुरू झाला, तेव्हा स्वच्छतेच्या सर्व कामांसाठी मिळून १,४१,६०० कोटी रुपये जाहीर झाले. २०१६ च्या केंद्रीय घनकचरा नियमांनी तर स्थानिक संस्थांना स्पष्टच सांगितले होते की, कचरावेचकांना माल निवडता येईल अशी पुरेशी जागा उभारा.

मग मावशी फूटपाथवर का? मला वाटते, मोठ्या यंत्राच्या उद्घाटनाला फीत कापता येते, पत्र्याच्या शेडला कोण कापणार? पण ओल्यात कालवलेला कागद यंत्रात घालून काय उपयोग? म्हणून सरकारी मदतीतला पहिला रुपया प्रत्येक प्रभागातील साध्या शेडवर खर्च व्हावा. छप्पर, वजनकाटा, पाण्याचा नळ आणि बायकांसाठी स्वच्छतागृह, एवढेच!

आणि दोष केवळ सरकारचा नाही. आमच्या सोसायटीमागील मोकळ्या जागेत अशी शेड करावी, असा विषय सभेत निघाला, तेव्हा "घाण नको, वास नको" म्हणून सर्वांनी विरोधात हात वर केले. त्यात माझे बाबाही होते. मी मागे उभी होते, बोलले नाही.

म्हणून आज येथे लिहीत आहे. मित्रमैत्रिणींनो, तुमच्या सोसायटीत हा विषय निघेल, तेव्हा माझ्यासारखे गप्प राहू नका. पुढच्या सभेत मीही बोलणार आहे, बाबांच्या समोर!