मी सही केली नाही

गेल्या रविवारी सकाळी आमच्या कॉलनीतले तिघे जण घरी आले. हातात टाइप केलेला अर्ज. "वहिनी, तुम्ही समाजकार्य करता, तुमची सही पहिली हवी." अर्ज महापालिकेच्या नावाने होता. विषय : पाइपलाइन रोडच्या बाजूला आमच्या कोपऱ्यावर संध्याकाळी लागणारी मोमोची गाडी कायमची हटवण्याबाबत. कारणं तीन लिहिली होती. रहदारीला अडथळा, अस्वच्छता आणि टवाळ पोरांची गर्दी. चौथं कारण कागदावर नव्हतं, ते चहा पिता पिता निघालं. "आणि आजकाल बायका-मुलीसुद्धा रस्त्यावर बसून खायला लागल्यात हो. बरं दिसतं का ते?"

त्या बसून खाणाऱ्या बायकांत आदल्याच मंगळवारी मी होते, हे त्यांना ठाऊक नसावं. किंवा असावंही!

मी सही केली नाही. तेव्हापासून दोन घरांतल्या बायका मला पाहिलं की मान वळवतात. म्हणून म्हटलं, आपलं म्हणणं एकदा सविस्तर मांडावं.

आधी कबूल करते, की सहा महिन्यांपूर्वी मीही सही केली असती. वस्तीत आहारावर बोलायला जाते तेव्हा माझं एक ठरलेलं वाक्य असायचं, "चायनीजच्या गाडीवरचं पोरांना देऊ नका, अजिनोमोटो म्हणजे विष." टाळ्या पडायच्या. मग एकदा एका मुलीने विचारलं, "ताई, पण ते असतं काय?" मला सांगता येईना. घरी येऊन वाचलं. 1908 साली किकुनाए इकेडा नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ती चव वेगळी काढली. 1968 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांनी पत्र लिहिलं, की चिनी हॉटेलात जेवल्यावर आपल्याला मान बधिर झाल्यासारखं वाटतं. तिथून ती बदनाम झाली ती झालीच. पुढच्या तपासण्यांत नेहमीच्या प्रमाणात ती घातक ठरलेली नाही. म्हणजे इतकी वर्षं मी ऐकीव गोष्ट छातीठोकपणे सांगत होते. गाडीवरच्या खाण्यात काळजी करण्यासारखं आहे, पण ते दुसरंच. त्याकडे येते.

मंगळवारी बचत गटाची बैठक लांबली. हिशेब जुळेना, मग जुळला, साडेसात वाजले. आमच्यातली एक जण चार घरची धुणीभांडी करते, ती म्हणाली, "ताई, घरी गेलं की सैपाक हायेच. जरा बसू ना कुठंतरी." आम्ही चौघी. आता चार बायकांनी नगरमध्ये संध्याकाळी पाऊण तास बसायचं कुठे? (2024 पासून आपण अहिल्यानगर झालो, पण तोंडात नगरच येतं.) चहाच्या टपरीवर पुरुषांची बाकडी. बागेत डास. देवळाच्या सभामंडपात बसून मोठ्याने हसता येत नाही. हॉटेलच्या 'फॅमिली रूम'मध्ये गेलं तर चौघींचे मिळून चारशे रुपये कुठेच गेले नाहीत. तीच म्हणाली, "मोमो खाऊ. आठाची प्लेट पन्नासला, आर्धी तीसला."

गाडीवाली बाई नेपाळची. नवरा रात्री एका बंगल्यावर राखण करतो, दुपारी कोबी किसून देतो. नऊ वर्षं झाली त्यांना इथे. मुलगी मराठी शाळेत पाचवीत. "ताई, चटणी लई तिखटे, थोडीच देऊ का?" असं शुद्ध नगरी विचारते! ताडपत्रीखाली सहा प्लॅस्टिकची स्टुलं, चकलीच्या सोऱ्याएवढा एक दिवा आणि तीन मजल्यांचं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं, झाकण उघडलं की चष्म्यावर वाफ. तिने प्लेट हातात दिली. पहिला मोमो मी अख्खा तोंडात घातला आणि जीभ पोळली.

जीभ पोळली आणि लक्षात आलं, की कितीतरी दिवसांत असं झालंच नव्हतं. घरी मी गरम खातच नाही. शेवटची पोळी तव्यावरून उतरेपर्यंत बाकीच्यांची पानं उठलेली असतात, भाजी गार, आमटीवर साय. कोणी तसा जुलूम करत नाही हो. 'हे' म्हणतातही, "बस ना तू पण." पण बसलं तर पोळ्या कोण करणार? माझ्या शेजारी बसलेली आमची खजिनदार दिवसभर दुसऱ्यांच्या घरची खरकटी घासते. तिने डोळे मिटून दुसरा मोमो खाल्ला आणि म्हणाली, "कुणीतरी हातात गरम दिलं, की पोट लवकर भरतं, न्हाई?"

पाऊण तास आम्ही तिथे होतो. बैठकीत कधी निघाली नाही अशी एक गोष्ट त्या स्टुलावर निघाली. एकीच्या नवऱ्याने तिच्या नावावरचं कर्ज परस्पर वापरलं होतं. तीन महिने हप्ता का थकतोय ते तेव्हा कळलं. बैठकीत सगळ्यांसमोर, वही उघडी असताना ती काय बोलणार? इथे सगळ्यांच्या नाकातून चटणीने पाणी येत होतं. त्यात तिचं रडणं खपून गेलं.

आम्ही न्यू आर्ट्सला बी.ए. करत होतो तेव्हाही चायनीजच्या गाड्या होत्या. लाल गाडी, वर ड्रॅगन, काड्या जोडून काढल्यासारखी अक्षरं आणि भर्रर्र आवाज करणारी शेगडी. मुलं तिथे उभी राहून खायची. आम्ही मुली नाही. आमच्यासाठी भाऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणायचा, घरी येईपर्यंत नूडल्सचा गोळा झालेला असायचा. त्या वेळी आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही, हे आज आठवलं की नवल वाटतं.

अर्ज घेऊन आलेल्यांपैकी एकांनी "चिनी" या शब्दावरही बोट ठेवलं. 2020 च्या जूनमध्ये गलवानमध्ये आपले जवान शहीद झाले, तेव्हा केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनीही चायनीज खाण्यावर आणि ते विकणाऱ्या हॉटेलांवर बंदीची मागणी केली होती. राग समजू शकतो. पण त्या गाड्यांवर चीनचं होतं काय? कोबी आपल्याच मार्केट यार्डातला, कढई परतणारा पोरगा इथलाच. मंच्युरियन म्हणतात तेही मुंबईचं. कोलकात्यात वाढलेल्या, चिनी वंशाच्या नेल्सन वाँग या आचाऱ्याने ते 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिल्यांदा केलं असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची हे आपलंच वाटण, फक्त गरम मसाल्याऐवजी सोया सॉस. आणि मोमो हा तर तिबेट-नेपाळकडचा पदार्थ.

खरं सांगू का, तो इतका परकाही नाही. त्या रात्री आईंसाठी, म्हणजे सासूबाईंसाठी, दोन बांधून आणले. त्यांनी एक उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, हे दिंड की! पुरण घालायला विसरले वाटतं." बरोबरच आहे. आपल्याकडे नागपंचमीला तवा ठेवायचा नाही, काही चिरायचं नाही, म्हणून कणकेच्या पारीत पुरण भरून चाळणीवर उकडलेले दिंड करतात. पारी, सारण, वाफ. उत्तर चीनमध्ये नववर्षाच्या आदल्या रात्री घरची सगळी माणसं एकत्र बसून जियाओझी नावाचे असेच कानवले वळतात, आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया-पापडांना गल्ली जमते तसं. आईंनी चटणी मात्र बाजूला ठेवली. दात नाहीत, तरी एक संपवला.

आता काळजीचं. ती आहेच, आणि गाडीची बाजू घेते म्हणून मी ती झाकणार नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये हैदराबादला मोमो खाऊन एका बाईचा जीव गेला, अनेक जण आजारी पडले. त्यानंतर तेलंगण सरकारने कच्च्या अंड्याच्या मेयॉनेजवर, म्हणजे त्या पांढऱ्या चटणीवर, एक वर्षाची बंदी घातली. दुसऱ्या वर्षी तमिळनाडूनेही घातली. मी दुसऱ्या दिवशी गाडीवर जाऊन विचारलं. आमच्याकडची पांढरी चटणी बिनअंड्याच्या पाकिटातली निघाली, पण पाकीट उघडं, दुपारपासून उन्हात. तिला सांगितलं, बर्फाच्या डब्यात ठेव. लाल चटणीतला रंग कसला, तर म्हणाली मिरचीचा. मला तो जरा जास्तच लाल वाटला, तेही सांगितलं. प्लेटा एकाच बादलीत विसळल्या जातात. हे तर मुळीच चालणार नाही. आणि मैदा तो मैदाच. रोज संध्याकाळी पोराच्या हातात तीस रुपये टेकवून मोकळं होणाऱ्या आयांचं मी समर्थन करत नाही.

पण यावर उपाय काय, हा प्रश्न आहे. 2024 सालीच दोन गोष्टी घडल्या. गोव्यात म्हापशाच्या पालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेत गोबी मंच्युरियनच्या गाड्यांनाच मनाई केली. कर्नाटक सरकारने नमुने तपासले, घातक रंग सापडले आणि मार्चमध्ये त्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. पदार्थ राहिला, गाडी राहिली, रंग गेला. मला कर्नाटकची रीत पटते. ती जास्त कष्टाची आहे, कारण तपासायला जावं लागतं. गाडी उचलायला एक ट्रक पुरतो.

शिवाय कायदाही आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे आधी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, प्रमाणपत्र द्यायचं. ते होईपर्यंत कोणाला उठवायचं नाही. उठवायचं झालं तरी तीस दिवसांची नोटीस. शहराच्या समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान चाळीस टक्के असावेत आणि त्यांतल्या एकतृतीयांश जागा बायकांच्या असाव्यात असंही त्यात लिहिलं आहे. अन्न सुरक्षा कायद्याची नोंदणी लहान गाडीलाही लागते. ही तिने अजून केलेली नाही, तो तिचा दोष. फॉर्म मी भरून देणार आहे.

राहिली टवाळ पोरं. मी मुद्दाम तीन संध्याकाळी लक्ष ठेवलं. पाथर्डी, जामखेड, शेवगावकडून शिकायला आलेली, खोली करून राहणारी मुलं आहेत ती. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तेव्हा गर्दी वाढते. आवाज करतात, हे खरं. मोटारसायकली आडव्या लावतात, त्यावर मी त्यांना झापलंही. एक जण "सॉरी काकू" म्हणून गाडी काढून आला. आणि त्याच कोपऱ्यावर वीस पावलांवर जी टपरी आहे, जिथे 2012 पासून बंदी असलेला गुटखा पुडीत बांधून मिळतो, जिथून जाताना कॉलेजच्या मुली पदर नसताना पदर सावरल्यासारखं करतात, तिच्याबद्दल मात्र आजवर अर्ज निघालेला नाही. तिथे अर्ज घेऊन आलेल्यांपैकी एक जण रोज संध्याकाळी उभे असतात. मी त्यांना चहा पिताना हे विचारलं. "ती टपरी जुनी आहे, वहिनी," म्हणाले.

ह्यांचं म्हणणं, कॉलनीत राहायचंय, कशाला वाकडं घेतेस. त्यांचंही चूक नाही. उद्या आमची पाण्याची मोटर बिघडली तर त्याच माणसांकडे जायचंय. रात्री मला थोडा वेळ झोप लागली नाही.

मग सकाळी दुसरा अर्ज लिहिला. कोपऱ्यावर एक नळ द्यावा, कचऱ्याची कुंडी ठेवावी, बंद पडलेला पथदिवा लावावा, गाडीचं सर्वेक्षण करून तिला पदपथ मोकळा राहील अशी जागा आखून द्यावी आणि अन्नतपासणी करावी, तिची आणि टपरीचीही. गाडीवालीला बजावलं आहे, की दोन बादल्या, स्वच्छ पाणी, पांढरी चटणी थंड डब्यात आणि घरगुती सिलिंडर बंद, व्यापारी घ्यायचा. सिलिंडरचं ऐकून तिचा चेहरा पडला. महाग पडतो. गटातून छोटं कर्ज देता येईल का, ते पुढच्या बैठकीत ठरेल. मतं दोन्हीकडची आहेत.

अर्जावर आतापर्यंत अकरा सह्या झाल्या आहेत. दुसरी आईंची आहे. मान वळवणाऱ्या दोघींपैकी एकीने काल जिन्यात थांबवून हळूच विचारलं, "तिथे पनीरचे मिळतात का गं?" मिळतात, सत्तर रुपये. तिने अजून सही केलेली नाही. ज्यांना करायची आहे त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावं, दुपारी मी वस्तीत असते.