बंदी आली, भीतीचे काय?

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा पालकांना नाही. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली. पण अनेक घरांत मोबाइल एकच आणि खाते आईवडिलांच्या नावावर. गृहपाठही व्हॉट्सॲपवर येतो. तिथे वयाची अट कुणाला अडवणार?

ऑनलाइन खेळात ओळख काढून कुणी फोटो मागतो, मग धमकावतो. मोबाइल जाईल, मार बसेल या भीतीने मूल गप्प राहते. झोप उडणे, वारंवार पोट दुखणे, शाळा टाळणे यामागे कधी कधी हेच असते. अशा वेळी आधी शांतपणे ऐकून घ्यावे. संदेश पुसू नयेत, पैसे देऊ नयेत. मुलांसाठी १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० या हेल्पलाइन आहेत. शाळेनेही अशा तक्रारींसाठी एक शिक्षक नेमून मुलांना त्यांचे नाव सांगावे.

खरे सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही, ही खात्री असेल तरच मूल वेळेत बोलेल.