बुडविलेली नौका आणि बुडालेल्या नौका

नौदलाच्या सेवेतून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवतीच्या खडकांनजीक समुद्रतळी ठेवून तेथे पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती निर्माण करण्याची योजना महाराष्ट्र शासनाने आखली. भंगारात निघावयाच्या नौकेस असे दुसरे आयुष्य लाभावे, ही कल्पना स्वागतार्ह आहे यात शंका नाही.

तथापि जहाज तळाशी गेले की जीवसृष्टी आपोआप बहरेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पोलादी सांगाड्यावर कालवे व प्रवाळ रुजतात, त्याच्या आडोशाला मासळी येते, हे खरे. परंतु अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ १९७२ च्या सुमारास याच सद्धेतूने सुमारे वीस लाख टायर समुद्रात सोडण्यात आले. पुढे त्यांची बंधने तुटली आणि लाटांबरोबर भरकटणाऱ्या त्या टायरांनी शेजारच्या नैसर्गिक प्रवाळांचीच नासधूस केली. म्हणून नौकेतील तेल व विषारी द्रव्ये निःशेष काढली काय, आणि त्या पाण्यात जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांस विश्वासात घेतले काय, या प्रश्नांची उत्तरे शासनाने जाहीरपणे दिली पाहिजेत.

आमचा मुख्य आग्रह मात्र याहून निराळा आहे. गोव्याच्या समुद्रात सुंची खडकापाशी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांस सतराव्या शतकातील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष आढळले. तोफा, हस्तिदंत, मातीची भांडी असा तो ऐवज म्हणजे त्या काळच्या व्यापाराचे दप्तरच होय. दीवच्या समुद्रात ९ डिसेंबर १९७१ रोजी ‘खुकरी’ बुडाली व तिच्यासमवेत १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांनी जलसमाधी घेतली. ते स्थान तर समाधीइतकेच पवित्र मानावयास हवे. पण पुरावस्तूंविषयीचा आपला १९७२ चा कायदा सामान्यतः शंभर वर्षांची अट घालतो. त्याहून अलीकडच्या अवशेषांना त्याचा आधार नाही, आणि जुन्यांचा ठावठिकाणाच नोंदलेला नसेल तर कायदा असून उपयोग काय?

किनाऱ्यालगतच्या बुडालेल्या जहाजांची पद्धतशीर मोजदाद शासनाने हाती घ्यावी. हे काम खर्चिक असले तरी अशक्य नाही. कोळ्यांच्या जाळ्यांना अडकणारे खडक आणि सांगाडे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत; आरंभ त्यांना विचारण्यापासूनच करता येईल. आपण होऊन बुडविलेल्या नौकेचे संग्रहालय करणाऱ्यांनी, काळाने बुडविलेल्या नौकांची निदान नोंद तरी ठेवावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.