आयोडीन घेतलेल्या रुग्णाला वाळीत टाकू नका

थायरॉइडच्या कर्करोगावर किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या रुग्णाला सहा महिने वेगळं ठेवावं, हे गेल्या अंकातलं पत्र वाचून राहवलं नाही. आयोडीन-१३१ची किरणोत्सारिता ८ दिवसांत निम्मी होते. शिवाय बरंचसं आयोडीन पहिल्या दोन-तीन दिवसांतच लघवीवाटे जातं. लहान मुलं, गरोदर बायका यांच्यापासून अंतर ठेवायचं, ते डॉक्टर सांगतील तितकेच दिवस. सहा महिने सांगतात ते बाईनं दिवस राहू देऊ नयेत म्हणून. पत्रलेखकाची गल्लत तिथेच झाली असावी.

खरा त्रास निराळाच. जेवायला बसलं की माझ्या वहिनीच्या कानाखाली सूज यायची, तांदळाची भाकरी कोरड्या तोंडात नुसती घोळायची, कोलंबीच्या कालवणालाही लोखंडाची चव. लाळग्रंथीही आयोडीन शोषतात, म्हणून हे होतं. भरपूर पाणी, जबड्याखाली हलक्या हातानं चोळणं, आंबट गोळी (ती कधीपासून चघळायची ते डॉक्टरांना विचारूनच) यानं तिला उतार पडला. लाळ आटली की दात किडतात, तेही सांभाळावेत.

परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३पासून अणुवैद्यकाचं काम चालतं. शंका अशा ठिकाणच्या तज्ज्ञांना विचारा. घाबरून रुग्णाचं ताट मात्र महिनोन्‌महिने वेगळं मांडू नका.

— एक वाचक, जासई (ता. उरण)