खोगिराचा तंग

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस ओझरास खंडेरावाची यात्रा आणि पौर्णिमेस, दत्तजयंतीला, तापीकांठीं सारंगखेड्याचा घोडेबाजार. नांगरणी-पेरणी ट्रॅक्टरकडे गेली, तरी आपल्या कित्येक सभासदांची घोडा बाळगण्याची हौस गेलेली नाहीं, आणि ती जाऊंही नये. परंतु जातिवंत जनावरास लाखांनीं रुपये मोजणारे गृहस्थ खोगीर घेतांना मखमल व गोंडे पाहतात. तंगाचा टाका उलटून पाहत नाहींत. ही काटकसर नव्हे, बेपर्वाई होय, असें आम्हांस स्पष्ट म्हणावेसें वाटतें. ताशांच्या गजरांत बुजलेल्या घोड्याचा तंग तुटला, तर स्वार एकटाच पडत नाहीं. पोटाखालीं लोंबणाऱ्या खोगिरानें बिथरलेलें जनावर पोराबाळांच्या गर्दींत शिरतें.

चामडें सहसा मधोमध तुटत नाहीं. तें भोंकाशीं, दुमडीशीं व टाक्याशीं तुटतें. घोड्याचा घाम तेथेंच मुरतो. घामांतील क्षारानें लोखंडी बक्कल गंजतें, सुती दोरा कुजतो. शिवाय झाडाच्या सालीनें कमाविलेल्या चामड्यास ओलें लोखंड लागलें कीं काळा डाग पडतो. असा डाग दिसतांच पट्टा तेथें दुमडून पाहावा, व भेग आढळल्यास तो बदलावा. तेल पाजून भेग सांधत नाहीं. बक्कलें व कड्या भरीव पितळेच्या घ्याव्या.

हल्लीं नुसतें रिविट ठोकलेल्या पट्ट्या स्वस्त मिळतात. त्यांत सारा ओढा एकदोन भोंकांवर येऊन चामडें फाटत जातें. मेण चोळलेल्या जाड दोऱ्याचे दोन सुयांनीं घातलेले टाके हाच खरा जोड. एक तुटला तरी शेजारचा धरतो. तंगाच्या दोन पट्ट्या एकाच आधारावर शिवूं नयेत, हें तर कारागिरास बजावूनच सांगावें. आपण डावीकडून चढतों, म्हणून डाव्या रिकिबीची वादी अधिक ताणते; ती मधून मधून उजवीकडे बदलावी. कांहीं लबाड घोडे तंग कसतांना पोट फुगवितात, तेव्हां चार पावलें चालवून तो पुन्हां कसावा.

जिनगर हें नांवच जिनावरून पडलें. पण तें कसब जाणणारे हात आतां थोडे उरले आहेत. जोडे शिवणारा चांगला कारागीरही हें काम करील, मात्र त्याच्याशीं मजुरीची घासाघीस करूं नये. आमची सूचना अशी कीं, संस्थेनें कार्तिकांतच असा एक कारागीर दोन दिवस बसवावा, दोरा व पितळी सामान एकदम आणवावें, आणि सभासदांनीं आपापलीं खोगिरें तेथें आणून मजुरी ज्याची त्यानें द्यावी.